रात्रीचंही तोंड धुवा : दात आणि हिरड्यांची रोजची निगा

कोल्हापुरात सकाळी आई पोराला ‘दात घास’ असं क्वचितच म्हणते, ‘तोंड धू’ म्हणते. आपली सवय या शब्दातच दिसते. उठायचं, तोंड धुवायचं, मग चहा. दात घासणं हे आपल्याकडे चहाआधीचं काम झालं, झोपण्याआधीचं काही ते झालं नाही. शिवाजी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात गेली अठरा वर्षं मी प्रत्येकाला विचारते, “दात कधी घासता?” उत्तर ठरलेलं असतं, “रोज सकाळी की.” “आणि रात्री?” यावर माणूस बाजूला बसलेल्या बायकोकडे किंवा आईकडे बघतो.

या लेखात बरंच काही सांगणार आहे. पण त्यातलं एकच धरायचं असेल तर हे धरा : झोपण्याआधीचा ब्रश कधीही चुकवू नका.

कारण लाळेत आहे. दिवसभर लाळ दातांवरून वाहत असते, अन्नाचे कण धुऊन नेते, आम्ल सौम्य करते आणि दाताच्या कवचातून निघून गेलेलं कॅल्शियम, फॉस्फेट परत भरते. झोप लागली की ही लाळ अगदी कमी होते. रात्रीच्या जेवणातला भात-भाकरीचा कण, दुधातली साखर तशीच दाताला चिकटून राहते आणि तिथल्या जंतूंना आठ तास निवांत मिळतात. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातापाशी पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग, हाडाहूनही कठीण. पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेलं हाड सांधतं, इनॅमलला पडलेला खड्डा आपोआप भरत नाही.

आधी स्वतःचं तोंड बघा

ब्रश विकत आणण्याआधी आरशासमोर उभे राहा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि ओठ वर करून हिरड्या नीट बघा. निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगलेली असते आणि तिची कड पातळ असते. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्यांवर काळसर छटा असते. तो त्वचेसारखाच नैसर्गिक रंग आहे, घाबरू नका. पण कड फुगलेली, लालभडक, चकचकीत दिसली, बोटानं दाबल्यावर रक्त आलं, तर तिथं सूज आहे.

आता जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा. तिथं लाळेच्या ग्रंथीचं तोंड उघडतं, म्हणून किटण सगळ्यात आधी तिथंच धरतं. गुळगुळीत लागलं तर उत्तम. नव्यानं टाकी लावलेल्या पाट्यासारखं खरखरीत लागलं, तर ते किटण आहे आणि ते घरच्या ब्रशनं निघणार नाही. दातांवर रोज बसणारा मऊ, पांढुरका थर ब्रशनं जातो. तो तसाच राहिला तर काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो. म्हणजे ब्रश मऊ थरासाठी, आणि दगड झाला की दवाखाना.

ब्रश, पेस्ट आणि हात

ब्रश मऊ घ्या. पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेलं असतं. डोकं लहान असावं, शेवटच्या दाढेपर्यंत सहज पोचणारं. कडक ब्रशनं दात जास्त स्वच्छ होतात हा समज खोटा आहे, त्यानं हिरडी मागे सरकते. तीन महिन्यांनी ब्रश बदला, आणि त्याआधीच केस फाकले तर आधीच बदला. महिनाभरातच केस फाकत असतील तर तुमचा हात जड आहे.

पेस्ट घेताना रंग आणि जाहिरात सोडून पाठीमागचा बारीक मजकूर वाचा. फ्लोराईड आहे का आणि किती पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग), एवढंच बघायचं. मोठ्यांसाठी १,००० ते १,५०० पीपीएम योग्य. फ्लोराईड मऊ पडलेलं इनॅमल पुन्हा टणक करायला मदत करतं. बऱ्याच आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतं. तुम्ही तीच वापरत असाल तर निदान हे माहीत असू द्या. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड किंवा वीटकरीच्या रंगाची दंतमंजनं बोटानं रगडू नका. दात पांढरे दिसतात ते वरचा थर खरवडला गेल्यामुळे, आणि पुढं तेच दात थंड पाण्यानं सणकतात. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी वाईट नाही, पण ती दाढांच्या मागे आणि आतल्या बाजूला पोचत नाही.

मोठ्यांना पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात, तेवढी लागत नाही.

आता हात. हे मी रोज दवाखान्यात प्लास्टिकच्या जबड्यावर करून दाखवते, इथं शब्दांत सांगते. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथं भेटतात त्या रेषेवर तिरके टेकवा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर, साधारण ४५ अंशांत. हात हलका ठेवा. तिथल्या तिथं थरथर होईल अशी बारीक हालचाल आठ-दहा वेळा करा. मग ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा ओढा. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. एका वेळी दोन-तीन दात, मग पुढं सरका. तवा घासल्यासारखं आडवं घासू नका. आडवं घासणाऱ्यांच्या दाताच्या मुळाशी खाच पडते. सुळ्याच्या मुळापाशी नख फिरवून बघा, अडकलं तर ती खाच आहे. उजव्या हातानं घासणाऱ्यांची ही खाच बऱ्याचदा डाव्या बाजूला जास्त खोल असते, कारण हाताचा जोर तिथं बसतो.

सुरुवात कुठून करायची याला मी फार महत्त्व देते. सगळे जण पुढच्या दातांपासून सुरू करतात, कारण ते दिसतात. मागे पोचेपर्यंत तोंड फेसानं भरतं आणि माणूस थुंकून मोकळा होतो. तुम्ही उलट करा. खालच्या दाढांची आतली, जिभेकडची बाजू सगळ्यात दुर्लक्षित, तिथून सुरू करा. मग वरच्या दाढांची आतली बाजू, नंतर गालाकडच्या बाजू, चावायची बाजू आणि शेवटी पुढचे दात. पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरावा लागतो. सगळं मिळून दोन मिनिटं. एकदा घड्याळ लावून बघा, दोन मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात.

आणि शेवटी : फेस थुंका, पण लगेच चुळा भरू नका. हे ऐकून लोक चकित होतात. पाण्यानं खळखळून धुतलं की दातांवर थांबायला हवं ते फ्लोराईडही वाहून जातं. रात्री तर मुळीच चूळ भरू नका. पेस्टची किंचित चव घेऊन झोपा. त्यानंतर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हळदीचं साखर घातलेलं दूधसुद्धा आधी प्यायचं, मग ब्रश.

“घासलं की रगत येतंय”

मागच्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एक मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, घासलं की रगत येतंय, म्हणून चार महिनं घासायचंच सोडलंया. नुसती चूळ भरतोय.” त्यांच्या खालच्या दातांवर किटणाची पिवळी भिंत झाली होती आणि दोन दात हलत होते. मी म्हटलं, “मावशी, रक्त घासण्यानं येत नाही, न घासण्यानं येतंय.”

हिरड्यांच्या बाबतीत सगळ्यात घातक गैरसमज हाच. हिरडीच्या कडेला जंतूंचा थर साचला की शरीर तिथं रक्तपुरवठा वाढवतं, हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी ब्रश लागताच रक्त सोडते. घासणं थांबवलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं. मऊ ब्रशनं, बरोबर त्याच कडेवर, हलक्या हातानं दिवसातून दोनदा घासत राहिलं तर साध्या सुजेतलं रक्त एक-दोन आठवड्यांत बरंच कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर आत किटण आहे, ते काढून घ्यायला या. सूज आत शिरून दाताला धरणारं हाड झिजलं तर मात्र ते हाड परत येत नाही. शिवाय हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं, म्हणून माणूस दात हलायला लागल्यावरच येतो.

“साफ केले की दात ढिले होतात” हेही रोज ऐकते. किटणानं हलणाऱ्या दातांना टेकू दिल्यासारखं धरलेलं असतं. ते काढलं की झिजलेली जागा उघडी पडते आणि दात आधीपासूनच सैल होता हे कळतं. काढणाऱ्यानं तो सैल केलेला नसतो. तसंच वरची दाढ काढली की नजर कमी होते, हेही खरं नाही. दोन्हींच्या नसा वेगळ्या आहेत. या भीतीनं वर्षानुवर्षं पू झालेली दाढ तोंडात बाळगणारी माणसं मी पाहिली आहेत.

शुगर असेल तर हे आणखी मनावर घ्या. शुगर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज राहिली की शुगर आटोक्यात आणणं अवघड जातं. दोन्ही बाजूंनी त्रास. गरोदरपणातही हिरड्या पटकन सुजतात, तेव्हा ब्रश सोडू नका, आणि उपचार लागले तर साधारण मधले तीन महिने सोयीचे.

दोन दातांच्या मधली जागा

ब्रश कितीही चांगला असला तरी दोन दातांच्या मधल्या फटीत शिरत नाही, आणि कीड बऱ्याचदा तिथूनच लागते. रविवारी तांबडा-पांढरा झाला की मटणाचा रेषा अडकतो आणि मग टाचणी, पिन, ब्लाऊजचा हूक, काडेपेटीची काडी, जे हाताला लागेल ते. यानं हिरडी फाटते. फट अरुंद असेल तर डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांसाठीचा बारीक दोरा, रुंद असेल तर बाटली धुवायच्या ब्रशची छोटी आवृत्ती असते तो इंटरडेंटल ब्रश. फ्लॉस दोन बोटांना गुंडाळून करवतीसारखा हळूहळू आत न्यायचा, झटक्यानं दाबायचा नाही. मग दाताच्या भिंतीला बिलगवून वर-खाली. दिवसातून एकदा, रात्री, ब्रशच्या आधी. रेषा दर वेळी एकाच ठिकाणी अडकत असेल तर तिथं खड्डा पडलाय किंवा जुनं भरलेलं सिमेंट निघालंय, दाखवून घ्या.

जीभही रोज हलक्या हातानं मागून पुढं खरवडा. तोंडाच्या वासाचा मोठा भाग जिभेवर असतो.

गूळ, रस आणि चहाचे कप

“साखर सोडली, आता गूळच खातोय” असं अभिमानानं सांगणारे पेशंट कोल्हापुरात नेहमीच येणार. गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला की ताजा गूळ, काकवी, गूळ-शेंगदाणे घराघरांत. मीही खाते. पण दाताला गूळ आणि साखर एकच. उलट चिक्की आणि गूळ-शेंगदाणे दाढेच्या खाचांत चिकटून बसतात.

किती खाल्लं याहून किती वेळा खाल्लं याला दात जास्त घाबरतो. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत आम्ल तयार होतं आणि तोंड पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास लागतो. दिवसात साखरेचे सहा चहा म्हणजे तीन तास दात आम्लात. तेच सगळं गोड जेवणाबरोबर खाल्लं तर हिशोब बराच कमी. म्हणून गूळ जेवणाच्या शेवटी खा आणि वर साध्या पाण्यानं चूळ भरा. उसाचा रस एका दमात प्या, तासभर घोट-घोट घेत बसू नका. लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, कैरी असं आंबट घेतल्यावर दात आंबतात, तेव्हा लगेच ब्रश करू नका. इनॅमल त्या वेळी मऊ पडलेलं असतं, अर्धा तास थांबा.

तिखट सोसेना झालं तर

हा भाग मी कोल्हापुरासाठी मुद्दाम लिहिते आहे. मिसळ आणि तांबड्या रश्श्यावर वाढलेला तिशीतला तरुण सांगतो की “आजकाल तिखट सोसत नाही, तोंडात आग होते”, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारते, मावा (सुपारी, तंबाखू, चुना चोळलेला) खातोस का? सुपारी, मग ती तंबाखूची असो वा बिनतंबाखूची, गालाच्या आतली कातडी ताठ करते. आग होणं ही सुरुवात. नंतर तोंड उघडायचंच कमी होतं. घरी करून बघा : मधली तीन बोटं उभी जुळवून पुढच्या वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये जातात का? जात नसतील तर लगेच दाखवा. हा आजार पुढं कर्करोगाकडे जाऊ शकतो. सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मावा टपरीवर हातावर चोळून मिळतोच.

मिश्रीचंही तसंच. तव्यावर तंबाखू भाजायची, पूड करायची आणि दातांना, हिरड्यांना लावून बसायचं. आमच्या भागातल्या कितीतरी आज्या-मावश्या “दात दुखायचं म्हणून लागली सवय” म्हणतात. मिश्रीनं दुखणं थोडा वेळ बधिर होतं, पण खालचा आजार वाढतच राहतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, ती उगीच नाही. सोडायचं ठरवलंत तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि तोंडात कुठंही पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी गाठ, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर वाट बघू नका.

मुलांची सहा वर्षांची दाढ

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तेव्हापासूनच घासायचं. तीन वर्षांपर्यंत फ्लोराईडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका, त्यानं पुढचे वरचे दात सगळ्यात आधी काळे पडतात. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला घासू द्या, पण शेवटचा हात तुम्हीच फिरवा. मूल मांडीवर, डोकं मागे टेकलेलं, तुम्ही मागून. समोरून घासण्यापेक्षा असं नीट दिसतं.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक घरात चुकते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाच दात पडलेला नसतो, त्यामुळे आई-बाबांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. “पडणारच आहे की” म्हणून तिची कीड सोडून देतात आणि दहाव्या वर्षी मूल रूट कॅनालला येतं. तिच्या खोल खाचा सुरुवातीलाच सीलंटनं, म्हणजे दाढेवर लावायच्या पातळ लेपानं, बुजवून घेता येतात, दुखत नाही, इंजेक्शन लागत नाही.

दुखलं, सुजलं, पडलं

दाढ दुखली की लवंगाचं तेल, तंबाखू किंवा गोळी कुस्करून गालात ठेवू नका. त्यानं हिरडी भाजते आणि मग दोन दुखणी होतात. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका. आणि ठणका एके दिवशी आपोआप थांबला तर खूश होऊ नका. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि जंतू खाली हाडाकडे निघालेले असतात. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना झालं तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.

शाहू स्टेडियमच्या मैदानावर किंवा तालमीत पडून कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असली तर क्षणभर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं धुवा. जमलं तर तिथल्या तिथं परत खाचेत बसवा. नाहीतर दुधात टाका आणि अर्ध्या तासात दातांचा डॉक्टर गाठा. दूध कोल्हापुरात दहा पावलांवर मिळतं, म्हणून हे सगळ्या मुलांना शिकवून ठेवा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

दवाखान्यात येताना रक्त पातळ करणारी गोळी, हाडांसाठीचं इंजेक्शन, हृदयाचं ऑपरेशन, हे सगळं सांगा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षातून एकदा दाखवून जा. शुगर असेल तर त्याहून लवकर.

कवळी वापरणाऱ्यांसाठी : कवळी टूथपेस्टनं नको, पेस्टनं बारीक ओरखडे पडतात. भांड्यात पाणी घेऊन त्यावरच, मऊ ब्रशनं आणि साध्या साबणानं धुवा, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. रात्री काढून पाण्यात ठेवा, म्हणजे हिरड्यांना आराम मिळेल. गरम पाणी नको, आकार बिघडतो. आणि कवळी काढल्यावर ओल्या मऊ फडक्यानं हिरड्या, टाळू आणि जीभ पुसून घ्या. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, तर हे फडकं बोटाला गुंडाळून रात्री तुम्हीच त्यांच्या तोंडातून फिरवा.